अकरा जणांची बोली

"तू बोल," नूरभाई म्हणाला आणि त्यानं मला पाठीमागून असं ढकललं, की मी थेट शिडीच्या तोंडाशीच जाऊन उभा राहिलो.

खाली बंदराची लाँच येऊन लागली होती. तिच्यातून कोर्टाचा माणूस वर चढत होता. पांढरा शर्ट, काखेत चामड्याची पिशवी, कपाळावर घामाच्या धारा. आमच्या बोटीवर सगळा उन्हाळा कोणी पाहुणा फिरकला नव्हता. त्यामुळं आम्ही अकराच्या अकरा जण त्याच्याकडे असे टक लावून बघत होतो, की बिचारा शेवटच्या पायरीवर जरा थबकलाच.

"कॅप्टन कोण?" त्यानं इंग्रजीत विचारलं.

"कॅप्टन माफी," मी म्हणालो.

'माफी' म्हणजे नाही, संपलं. त्या किनाऱ्यावरचा हा अरबी शब्द, आम्ही तो उचलून आमचा करून टाकलेला. आमचा कॅप्टन पोट दुखतंय म्हणून दवाखान्यात जायला उतरला तो उतरलाच. पुन्हा काही त्यानं तोंड दाखवलं नाही.

"मग तुमच्यातर्फे बोलणार कोण?"

दहा बोटं माझ्याकडे वळली. आणि मला, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

मी त्या बोटीचा कुक. रमाकांत शिवलकर, मुक्काम भाट्ये, रत्नागिरी. बंदराचं नाव सांगत नाही. मालकाचंही नाही, कारण मालक नेमका कुठला ते आम्हालाही कधी धड कळलं नाही. बोटीवर झेंडा एका देशाचा, कचेरी दुसऱ्या देशात, आणि मालक तिसरीकडे फोन न उचलता बसलेला. त्यानं कोणाकोणाची देणी थकवली आणि कोर्टानं बोट अडकवून ठेवली. बोटीबरोबर आम्हीही अडकलो. किनारा इतका जवळ, की वारा तिकडून असला तर गाड्यांचे भोंगे ऐकू यायचे. पण उतरायची सोय नाही. पासपोर्ट बंदराच्या कचेरीत जमा, आणि तसाच कोणी जमिनीवर पाय ठेवला तर थेट तुरुंग.

लोकांना वाटतं नांगरावरची बोट एका जागी उभी राहते. कसली राहते! भरती-ओहोटीबरोबर ती नांगराभोवती फिरत बसते. सकाळी किनारा माझ्या गॅलीच्या, म्हणजे स्वयंपाकघराच्या, खिडकीत असायचा आणि संध्याकाळी मागच्या दारात. दाव्याला बांधलेलं जनावर खुंट्याभोवती फिरतं ना, तसंच. डेकचं लोखंड एवढं तापायचं, की चपलेचं रबर चिकटायचं. डिझेल संपत आलेलं, म्हणून पंखे बंद, फ्रीज बंद. आंघोळ खाऱ्या पाण्यानं. अंगावर मिठाचा थर घेऊन आम्ही सुक्या बांगड्यासारखे दिसायला लागलो होतो, आणि वास तर विचारू नका.

घाई सगळ्यांनाच होती घरी जायची, पण माझी घाई तारखेची होती. पावसच्या कुमुद मयेकरशी माझा साखरपुडा झालेला. लग्न तुळशीचं लग्न लागलं की पहिल्या मुहूर्तावर. तिचे वडील बाबूराव, त्यांचं किराणा दुकान. माणूस करवतीसारखा. बोटीवर जाणाऱ्याला मुलगी द्यायची नाही म्हणत होते, पण मुलगीच हटून बसली, दोन दिवस जेवली नाही, तेव्हा कुठं राजी झाले. मी निघताना त्यांनी मला दुकानाच्या पायरीवर थांबवून सांगितलं होतं, "रमाकांतराव, मुहूर्ताला हजर झालात तर तुम्ही जावई. नाही झालात तर मी दुसरं स्थळ बघणार. मग पुन्हा दारात येऊन काही बोलू नका." कुमुद आत दाराआड उभी होती. तिनं फक्त एकदा मान हलवली, ये म्हणून. त्या एका मानेवर मी सगळा उन्हाळा काढला.

तिचा फोटो मी गॅलीत तांदळाच्या डब्याच्या वर चिकटवला होता. सगळ्यांना ती ठाऊक. साखरपुड्याला आमच्या बोटीवर शब्द होता 'हाफ मॅरेज'.

आता ही बोली काय भानगड, तेही सांगायला हवं. आम्ही अकरा माणसं होतो. चीफ इंजिनियर स्पीरो, ग्रीक, साठी उलटलेला, जिना चढताना छातीला हात लावणारा. रोडेल आणि आणखी तिघं फिलिपिन्सची. नूरभाई सुकाणी चितगावचा, त्याच्याबरोबर त्याच्याच गावचे दोघं. हिरजी आणि त्याचा चुलतभाऊ कच्छातले. आणि मराठी म्हणून मी एकटा. सुरुवातीला जो तो आपापल्या माणसांत बसायचा. पण भूक सगळ्यांची एकच, आणि ती घेऊन सगळे यायचे माझ्या खिडकीशी. तिथंच ती बोली शिजली. नूरभाईची हिंदी, रोडेलची इंग्रजी, बंदरावरची अरबी आणि चीफच्या शिव्या, सगळं एकाच टोपात. 'पानी माफी' म्हणजे पाणी संपलं. 'बुकरा' म्हणजे उद्या, पण आमच्याकडे त्याचा अर्थ कधीच नाही, कारण मालकाचा एजंट दर गोष्टीला बुकरा म्हणायचा. उन्हाळा संपेपर्यंत भांडणं, पत्ते, थट्टा, सगळं त्या बोलीत चालायला लागलं होतं. नूरभाईचे गाववाले तर आपसांतही तीच बोलायचे.

माझा त्यातला शब्द 'नो प्रॉब्लेम'. कोणी काही मागो, नो प्रॉब्लेम. माझ्या पहिल्या बोटीवरच्या उस्तादानं मला शिकवलं होतं, कुकनं खिडकीशी कोणाला नाही म्हणायचं नाही. डाळ नसली तर पाण्याला फोडणी दे, पण नाही म्हणू नकोस.

दुसरा शब्द होता 'कुक लास्ट'. शिधा कमी पडायला लागला तशी माणसं माझ्या हातातल्या डावाकडे बघायला लागली, कोणाच्या ताटात किती पडतं ते. हिरजी तर उघड म्हणाला, "कुक का पेट कभी खाली देखा है?" मला लागलं ते. त्याच दिवशी मी नियम काढला. आधी दहा जणांनी घ्यायचं, टोपात उरेल ते माझं. कुक लास्ट. कधी मूठभर भात उरायचा, कधी मी बुडाची खरपुडी खरवडून खायचो. पण भांडणं थांबली.

एकदा संध्याकाळी रोडेल आणि नूरभाई माशाच्या डोक्यावरून असे तावातावानं भांडत होते, की चीफ हसून हसून बाकावरून पडायची वेळ. मला म्हणाला, "मागिरा," म्हणजे त्याच्या भाषेत आचारी, "तुला माहीत आहे, हे तू काय केलंस? आमच्याकडे फार पूर्वी असंच झालं होतं. गावोगावचे शिपाई, व्यापारी, खलाशी एकत्र आले, ज्याची त्याची बोली वेगळी. मग सगळ्यांची मिळून एक झाली, बाजाराची, बंदराची. तिला आम्ही कीनी म्हणतो." लिहिताना म्हणे कोइने असं काहीतरी लिहितात, पण तो कीनी म्हणायचा. "कीनी म्हणजे सगळ्यांची. आमचा धर्मग्रंथसुद्धा त्याच भाषेत लिहिला आहे."

"मग चांगलीच म्हणायची," मी म्हणालो.

"चांगली. मासे घ्यायला उत्तम," चीफ म्हणाला. "बायकोशी भांडायचं असेल तर मात्र घरी जावं लागतं."

मी हसलो होतो तेव्हा.

तर तो कोर्टाचा माणूस. डेकवर सावली शोधून तो उभा राहिला आणि मला म्हणाला, "बातमी चांगली आहे. खलाशांच्या एका संस्थेनं तुमची तिकिटं काढली आहेत. कोर्टानं परवानगी दिली आहे. उद्या सकाळी लाँच येईल."

माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना. मी मागं वळलो आणि बोंबललो, "टुमारो होम! नो बुकरा! रिअल टुमारो!"

काय सांगू! हिरजीनं चुलतभावाला खांद्यावर घेतलं. फिलिपिनो एकमेकांच्या गळ्यात पडून रडायलाच लागले. नूरभाई तिथल्या तिथं तापल्या लोखंडावर गुडघे टेकून बसला. आणि मी मनात हिशेब मांडला, दसरा जेमतेम होतोय, म्हणजे तुळशीच्या लग्नाला अवकाश आहे. पोचतो मी. आरामात पोचतो.

"थांब," तो माणूस म्हणाला. "तू पूर्ण ऐकलं नाहीस. सगळे नाही. दहा."

"म्हणजे?"

"अडकवलेली बोट माणसाशिवाय ठेवता येत नाही. दिवा कोण लावणार? नांगराच्या साखळीवर लक्ष कोण ठेवणार? सुटून दुसऱ्या बोटीवर आदळली तर? एक माणूस राहील. बोट विकली जाईपर्यंत, नाहीतर त्याच्या जागी दुसरा मिळेपर्यंत. त्याचा पासपोर्ट कोर्टाकडे राहील."

"किती दिवस?"

"दोन महिने. फार तर तीन."

"कोण राहायचं?"

"ते तुम्ही ठरवा. उद्या सकाळी मला एक नाव द्या. नाव मिळालं नाही तर लाँच रिकामी परत जाईल, मी आधीच सांगून ठेवतो."

एवढं बोलून तो शिडी उतरला. माझ्या मागं माणसं अजून नाचत होती. आणि ते सगळं थांबवायचं काम माझ्यावर. बोलायला मला पुढं केलं होतं ना, घ्या आता. यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

मी सांगितलं. आमच्या बोलीत ते सांगायला चारच शब्द लागले. "टेन गो. वन स्टे."

संध्याकाळचा चहा घेऊन सगळे जेवणाच्या खोलीत बसले. साखर संपली होती, काळा कडू चहा. पुढचं मी मराठीत सांगतो, पण ते सगळं त्या बोलीतच चाललं होतं.

पहिला चीफ बोलला. "मी राहतो. म्हातारा आहे, माझी कोण वाट बघतंय?"

सगळे एकदम ओरडले. चीफला जिना चढवत नव्हता. त्याला एकटं ठेवणं म्हणजे बोटीबरोबर प्रेतही कोर्टाच्या ताब्यात देणं. तो आणखी एकदा म्हणाला, मग त्यानं चहा तोंडाला लावला.

रोडेलनं खिशातून काड्यापेटी काढली. "अकरा काड्या. एकीचं डोकं मोडायचं. मोडकी ज्याला आली तो राहील."

मी म्हणालो, "बरोबर!" फार मोठ्यानं म्हणालो बहुतेक. अकरांत एक, एवढं काही माझं नशीब फुटकं नाही, असं मला वाटलं. रोडेल काड्या मोजून टेबलावर मांडायला लागला.

"काडीला काय अक्कल आहे?" हिरजी म्हणाला. "समजा नूरभाईला आली. त्याला इंग्रजी येत नाही. रेडिओवर बंदराशी काय बोलणार? समजा मला आली. मला भात शिजवता येत नाही, आठ दिवसांत मरेन मी. काडी बघत नाही, पण आपण बघायला नको?"

"मग कोण?" कोणीतरी विचारलं.

"रेडिओवर बोलतो कोण? गस्तीच्या गार्डशी बोलतो कोण? कोर्टाच्या माणसाशी आज कोण बोललं?"

मी कपाकडे बघत बसलो. तेवढ्यात नूरभाईचा एक गाववाला, बिचारा थट्टेनंच, म्हणाला, "कुक लास्ट."

हसले सगळे. मीही हसलो. आणि मग हसणं थांबलं, पण ते दोन शब्द टेबलावर तसेच राहिले. दहा तोंडं माझ्याकडे वळली. रोज खिडकीशी ताट घेऊन उभी राहायची ना, तीच तोंडं, त्याच आशेनं.

"कुक," नूरभाई म्हणाला, अगदी मायेनं म्हणाला, "तू राहशील?"

मला काय काय सांगायचं होतं! मुहूर्त सांगायचा होता. बाबूराव दुकानाच्या पायरीवर काय म्हणाले ते, कुमुद दोन दिवस जेवली नव्हती ते. एकदा का दिलेला शब्द मोडला, की आमच्या गावात माणसाची काय किंमत राहते ते. आणि सगळ्यात आधी हे, की मला भीती वाटते रे, या एवढ्या लोखंडात मी एकटा राहिलो तर मला वेड लागेल. हे सगळं माझ्या घशाशी आलेलं, आणि ते बाहेर काढायला माझ्याकडे होते पानी, खाना, बुकरा, फिनिश. अहो, ती बोली मीच तर केली होती! मागायला, वाटायला, हसायला तिच्यात सगळं होतं. मला ज्याची गरज पडेल असं काही मी तिच्यात घातलंच नव्हतं.

"माय हाफ मॅरेज…" मी म्हणालो.

नूरभाईनं माझ्या पाठीवर हात ठेवला. "हाफ आहे ना अजून? नो टेन्शन. फुल बुकरा!"

पुन्हा सगळे हसले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो काय असतो ते मला त्या बाकावर कळलं. दहा माणसांची पोरंबाळं माझ्या एका शब्दावर अडकलेली. नाही म्हटलं असतं तर सकाळी लाँच रिकामी गेली असती, आणि मग मी त्यांना जेवायला कसं वाढणार होतो?

"नो प्रॉब्लेम," मी म्हणालो.

रोडेलनं एक एक काडी उचलून पेटीत परत भरली. त्यानं मान वर केली नाही.

सकाळी लाँच आली. मी कोर्टाच्या माणसाला नाव सांगितलं, माझं मीच. दहा जण बोचकी घेऊन शिडीशी उभे. जो तो मला मिठी मारत होता, काही ना काही हातात कोंबत होता. हिरजीनं लोणच्याची बरणी दिली, जी सगळा उन्हाळा त्यानं कोणाला दाखवली नव्हती, लबाडानं. रोडेलनं त्याचा गाणी ऐकायचा छोटा रेडिओ दिला. शेवटी चीफ. त्यानं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि ग्रीकमध्ये बराच वेळ काहीतरी बोलला. एक अक्षर कळलं नाही. मी म्हणालो, "ओके चीफ, ओके," आणि त्याला हाताला धरून खाली उतरवलं.

लाँच सुटली. मी कठड्याशी उभा. ती दहा हात गेली असेल, वीस हात गेली असेल, सगळे हात हलवत होते, आणि माझ्या आत काहीतरी तुटलं. मी कठड्यावर लाथा मारायला लागलो आणि आमच्या भाट्याच्या बोलीत, जी मी त्या बोटीवर एकदाही उच्चारली नव्हती, ओरडायला लागलो.

"अरं मेल्यांनो! कुटं चाललांव मला टाकून? मला पन घरी जायाचा हाय! माजा लगीन हाय रं! ती मानसं थांबायची न्हाईत! मी काय ह्या लोखंडाशी लगीन लावू? तुमाला जेवाक वाढलंय मी, माज्या तोंडातला घास काढून वाढलंय! तळपट होवंदे तुमचा! परत फिरवा ती लाँच! मला भ्या वाटतंय रं, मला एकट्याला भ्या वाटतंय!"

लाँचचं इंजिन बंद पडल्यासारखं वाटलं. पाण्यावर ती नुसती डुलत राहिली. मला वाटलं, कळलं! फिरतायत!

आणि चीफनं टोपी काढली. मग रोडेलनं काढली, छातीवर क्रूसाची खूण केली. नूरभाईनं दोन्ही तळवे वर केले. हिरजीनं हात जोडले. सगळी लाँच माना खाली घालून उभी राहिली. माझं ओरडणं संपलं तेव्हा पाण्यावरून एक आवाज आला, "आमेन." इंजिन पुन्हा सुरू झालं आणि ते गेले.

त्यांना वाटलं मी प्रार्थना म्हणतोय. मी डेकवर बसलो आणि एवढा हसलो, एवढा रडलो, की शेवटी कुठलं काय तेच कळेना.

पुढचं लांबण लावत नाही. दोन महिन्यांचं काय झालं ते तुम्ही ओळखलंच असेल. रोज सकाळी रेडिओवर विचारायचो, रोज उत्तर बुकरा. तुळशीचं लग्न लागलं असेल तेव्हा मी नांगराच्या साखळीचा गंज खरवडत होतो. शिमगा गेला, आंबा गेला. पहिले काही दिवस मी भिंतींशी बोटीच्या बोलीत बोलायचो, मग तेही थांबलं. अकरा माणसांची भाषा एकट्यानं किती बोलणार? रोज नवीन काही बोलायला ती कोणाकडून तरी यावी लागते. मी नुसता दिवा लावायचो आणि विझवायचो. पुढं बोट भंगारात विकली गेली आणि मला सोडलं. घरी आलो तेव्हा आईनं विचारलं, "जेवतोस ना?" तर मी म्हणालो, "नो प्रॉब्लेम." ती माझ्याकडे बघतच राहिली.

कुमुदचं लग्न माघातच झालं होतं, देवरुखला. माझी चूक नव्हती आणि तिचीही नव्हती. बाबूरावांनी सांगितलं तेच केलं. मीही पुढं वर्षा-दोन वर्षांनी लग्न केलं. प्रमिला चांगली बाई आहे, संसार उत्तम झाला, दोन मुलं शिकली. पण मला कोणी विचारलं, तुझं आयुष्य कुठं वळलं, तर मी त्या चहाच्या टेबलाकडे बोट दाखवीन.

त्या दहा जणांचा राग मात्र मी फार दिवस ठेवला नाही. सुरुवातीला होता, चांगला जळजळीत होता. मग मीच मनाला समजावलं, अरे, त्यांना कळलंच नाही. तू कधी सांगितलंस? सांगितलंस तेव्हा तुझ्या बोलीत सांगितलंस, त्यांनी ओळखावं कसं? न कळणाऱ्यावर काय रागवायचं? हा विचार मला पुरला. हाच पुरवून पुरवून मी म्हातारा झालो.

गेल्या वर्षी दुपारी जेवायला बसणार इतक्यात फोन वाजला. परदेशी नंबर. रोडेलच्या मुलीनं मला कुठून कुठून शोधून काढलं होतं. पडद्यावर एक टकल्या म्हातारा, पुढचे दोन दात नाहीत, आणि ओरडतोय, "कुक! यू फिनिश ऑर नॉट फिनिश?"

"नॉट फिनिश!" मी ओरडलो. आणि काय सांगू, ती बोली आली की हो परत! शब्द अडखळत होते, पण येत होते. चीफ केव्हाच गेला होता. नूरभाई नातवंडांत होता. हिरजीनं म्हणे कच्छातल्या मांडवीत भजी-वड्यांची गाडी टाकली होती. मी म्हटलं, ज्याला भात शिजवता येत नव्हता तो! खूप हसलो आम्ही. प्रमिला आतून दोनदा म्हणाली, अहो, आमटी गार होते.

हसता हसता मी म्हणालो, "आणि तुम्ही आमेन म्हणालात ना रे गाढवांनो! प्रार्थना नव्हती ती. शिव्या होत्या. घाणेरड्या शिव्या!"

मला वाटलं तो पोट धरून हसेल. तो हसला नाही.

"माहीत आहे," रोडेल म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"लाँचवाल्यानं इंजिन बंद केलं होतं. त्यानं विचारलं, हा काय म्हणतो? परत जायचं का? आम्ही सगळे खाली बघत होतो. कोणी बोलेना. मग चीफ म्हणाला, तो प्रार्थना करतोय. टोप्या काढा."

"आणि तुम्हाला खरं वाटलं?"

"कुक," तो म्हणाला, आणि बराच वेळ शब्द शोधत राहिला. "प्रार्थना करणारा माणूस लोखंडाला लाथा मारतो का? तू रडत होतास. तुझ्या हाफ मॅरेजबद्दल आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. कळलं असं एकानं जरी म्हटलं असतं, तर कोणालातरी परत वर चढावं लागलं असतं. म्हणून कोणाला कळलं नाही."

प्रमिलानं आतून विचारलं, "कोण हो? काय म्हणतोय?"

"जुना दोस्त आहे," मी म्हणालो. "बरा आहे."

रोडेल फोन धरून तसाच बसला होता, दात नसलेलं तोंड मिटून, मी काय म्हणतो त्याची वाट बघत. त्याला वाईट वाटत होतं हे दिसत होतं. पण मी त्या दहा जणांना एकदा माफ केलं होतं, ते त्यांना माझं ओरडणं कळलं नव्हतं म्हणून. आता ते सगळं पुन्हा पहिल्यापासून करायला हवं होतं, एकेकाचं नाव घेऊन, आणि पहिलाच समोर बसला होता.